पहिला लोण बसल्यानंतर

कबड्डीतील मानहानिकारक पराभव सहसा एका झटक्यात होत नाही. तो लोणांच्या रूपाने टप्प्याटप्प्याने येतो. संघाचे सर्व खेळाडू बाद झाले की प्रतिस्पर्ध्याला लोणाचे 2 जादा गुण मिळतात आणि बाद झालेला संपूर्ण संघ पुन्हा मैदानात उतरतो, म्हणजे नियमाने तो संघ पुन्हा सात जणांचा होतो. मनाने मात्र तो बराच वेळ मागच्याच लोणात अडकलेला असतो. त्यामुळे पहिल्या लोणाला जेवढा वेळ लागतो त्यापेक्षा कमी वेळात दुसरा लोण बसतो, असे प्रवराकाठच्या कोल्हार येथे अनेक हंगाम कबड्डीपटूंच्या सहवासात काढलेल्या प्रस्तुत लेखकाच्या पाहण्यात वारंवार आले आहे. पराभवातून सावरणे म्हणजे हा दुसरा लोण लांबवण्याची शक्ती संघात पुन्हा निर्माण करणे, अशी या लेखापुरती व्याख्या करता येईल.

कोल्हार हे अहिल्यानगर-मनमाड मार्गावरील, राहाता तालुक्यातील गाव. ऊस, पेरू आणि रस्त्यालगतचा व्यापार यांवर चालणाऱ्या या परिसरातील खेळाडू दिवसभर शेतात, दुकानात किंवा महाविद्यालयात असतात आणि सराव दिवेलागणीनंतर मातीच्या मैदानावर होतो. ग्रामीण स्पर्धांचा आराखडाही अशा संघांसाठी कठोर असतो: संध्याकाळी साखळी फेरी, म्हणजे गटातील प्रत्येक संघाशी एक सामना, आणि लगेच दुसऱ्या दिवशी बाद फेरी, जिच्यात एका पराभवाने स्पर्धा संपते. व्यावसायिक संघाला सावरण्यासाठी आठवडा मिळत असेल, तर येथे एक रात्र मिळते.

अशा एका रात्रीचा अनुभव येथे सविस्तर नोंदवणे उपयुक्त ठरेल. वजनी गटाच्या एका स्पर्धेत येथील संघ साखळीतील शेवटच्या सामन्यात फार मोठ्या फरकाने हरला. गटात दुसरा क्रमांक राखल्यामुळे बाद फेरीतील जागा तेवढी टिकली. परतीच्या टेम्पोत कोणी कोणाशी बोलत नव्हते, आणि गावात पोहोचण्यापूर्वीच निकाल मोबाइलवरून सर्वत्र झालेला असल्याने चौकात उभ्या असलेल्या मंडळींनी खेळाडूंना त्याची आठवण करून देण्यात कसर ठेवली नाही. गावाचे हे बोलणे प्रेमापोटीच असते, तरीही त्या रात्री ते टाळणे आवश्यक असते, असे प्रस्तुत लेखकाचे ठाम मत आहे. संघातील ज्येष्ठ खेळाडूने हे ओळखले, सर्वांना घरी न सोडता एका ओसरीवर बसवले, आधी जेवू घातले आणि त्यानंतर गुणपत्रक, म्हणजे प्रत्येक चढाईची नोंद असलेला कागद, उघडला.

त्या वाचनातून जे निष्पन्न झाले ते कोणत्याही आवेशपूर्ण भाषणापेक्षा अधिक परिणामकारक होते. ‘दादा, पहिल्या पाच मिनिटांत आपणच पुढे होतो की,’ असे संघातील सर्वांत लहान खेळाडू म्हणाला, आणि ते कागदावर खरोखरच तसे होते. पुढे मात्र डाव्या कोपऱ्यावरच्या बचावपटूने चढाईपटूचा घोटा धरण्यासाठी पुन्हा पुन्हा एकट्याने झेप घेतली होती, मध्यरक्षक त्याच्या मदतीला वेळेवर पोहोचला नव्हता, आणि हा कोपरा रिकामा झाल्यावर उरलेल्यांची साखळी, म्हणजे हात धरून उभी राहणारी जोडी, कोठेच जमली नव्हती. पराभव सात जणांचा होता. त्याचे मूळ दोन खेळाडूंमधील अर्ध्या पावलाच्या अंतरात होते. ही गोष्ट कळताच चर्चेचा रोख ‘आपण कसे खेळलो’ याकडून ‘उद्या या दोघांनी काय करायचे’ याकडे वळला. सकाळी पूर्ण सराव न घेता केवळ त्या जोडीची पकड घोटवण्यात आली, आणि पहिली चढाई कोणी करायची व ती गुणासाठी नव्हे तर सुरक्षित परत येण्यासाठी करायची, हेही आधीच ठरले.

बाद फेरीचा तो सामना संघ थोड्या गुणांनी हरला. तरीही उत्तरार्धातील बराच काळ त्याच्यावर लोण बसला नाही आणि शेवटच्या चढायांपर्यंत निकाल अनिश्चित राहिला, म्हणून त्याला सावरलेला संघच म्हटले पाहिजे. केवळ विजयालाच सावरणे मानले, तर या प्रक्रियेचा मोठा भाग दृष्टिआड होतो.

राष्ट्रीय संघाच्या इतिहासात याच प्रक्रियेची दोन परस्परविरोधी उदाहरणे थोड्याच अंतराने सापडतात. ऑक्टोबर 2016 मध्ये अहमदाबाद येथील विश्वचषकाच्या सलामीलाच भारत दक्षिण कोरियाकडून 32-34 असा हरला. फरक दोनच गुणांचा होता, परंतु हा खेळ ज्या देशाने जगाला दिला त्याने मायदेशी, पहिल्याच दिवशी हरावे, ही मानहानी गुणफलकात मावणारी नव्हती. पुढे ऑस्ट्रेलिया, बांगलादेश, अर्जेंटिना आणि इंग्लंड यांच्याविरुद्धचे सामने तुलनेने सोपे होते, आणि कर्णधार अनुप कुमारच्या संघाला त्यांतून बसलेली घडी परत मिळवण्यास अवधी मिळाला. अंतिम सामन्यात मध्यंतराला इराण 18-13 असा पुढे असतानाही अजय ठाकूरच्या चढायांच्या बळावर भारताने 38-29 असा विजय मिळवला. सलामीच्या पराभवानंतर जे शिकले गेले त्याची खरी परीक्षा या मध्यंतराच्या काही मिनिटांत झाली असावी.

2018 च्या जाकार्ता आशियाई क्रीडा स्पर्धेत मात्र तेच दोन प्रतिस्पर्धी समोर आले आणि परिणाम उलटा झाला. गटात कोरियाने भारताला 24-23 असे हरवले, आणि उपांत्य फेरीत इराणने 27-18 असा विजय मिळवून भारतीय पुरुषांची 1990 पासूनची सुवर्णपदकांची मालिका खंडित केली. एका गुणाचा पराभव ‘नशिबाचा भाग’ म्हणून बाजूला ठेवण्याचा मोह मोठा असतो. मोठ्या पराभवापेक्षा असा निसटता पराभव अधिक धोकादायक, कारण तो गुणपत्रक वाचायला भाग पाडत नाही. त्याच स्पर्धेत भारतीय महिलांना 27-24 असे हरवणाऱ्या इराणच्या संघाच्या प्रशिक्षक नाशिकच्या शैलजा जैन होत्या, ही बाब मराठी वाचकांनी अभिमानाने लक्षात ठेवावी अशी आहे. परक्या भाषेतील खेळाडूंशी संवाद साधण्यासाठी त्या फारसी शिकल्या आणि सरावात त्यांनी योगासने व प्राणायामाचा समावेश केला. श्वासावर नियंत्रण ही चढाईपटूची मूलभूत गरज असली, तरी लोण बसल्यानंतरच्या अस्वस्थतेवरही हाच उपाय लागू पडतो.

हौशी संघांच्या दृष्टीने आयर्लंडमधील गेलिक फुटबॉलचे उदाहरण कबड्डीपटूंना जवळचे वाटेल. प्रत्येकी 15 खेळाडूंच्या या खेळात चेंडू हातानेही खेळता येतो; तो जाळ्यात गेल्यास 3 गुण आणि आडव्या दांडीवरून गेल्यास सहसा 1 गुण मिळतो. खेळाडू आपल्या परगण्यासाठी, मानधनाविना, नोकरीधंदा सांभाळून खेळतात. 2009 च्या आंतरपरगणा स्पर्धेतील उपांत्यपूर्व सामन्यात केरीने डब्लिनला 17 गुणांनी हरवले. डब्लिनचे व्यवस्थापक पॅट गिलरॉय यांनी पद सोडले नाही; आघाडीच्या खेळाडूंनीही बचावात उतरले पाहिजे, ही शिस्त त्यांनी संघात रुजवली, आणि 18 सप्टेंबर 2011 रोजी अंतिम सामन्यात त्याच केरीला डब्लिनने एका गुणाने हरवले. तो निर्णायक गुण गोलरक्षक स्टीफन क्लक्स्टन याने मारलेल्या फ्री-किकवर मिळाला. येथे सावरण्याला दोन वर्षे लागली, आणि तेवढा अवधी नेतृत्वाला देण्याची तयारी लोकांनी दाखवली, हे विशेष.

कोल्हारच्या तरुणांना मात्र याहून निकटचे उदाहरण उपलब्ध आहे. पहिल्या दोन्ही प्रो कबड्डी हंगामांत तळाला राहिलेला पुणेरी पलटण संघ डिसेंबर 2022 मध्ये अंतिम फेरीत जयपूर पिंक पँथर्सकडून 29-33 असा हरला. त्यानंतर प्रशिक्षक बी. सी. रमेश कायम राहिले, तरुण खेळाडूंचा गाभा टिकवण्यात आला, इराणचा बचावपटू मोहम्मदरेझा शादलू संघात आला आणि कर्णधारपद शेजारच्या श्रीरामपूर तालुक्यातील टाकळीभानच्या अस्लम इनामदारकडे गेले. 1 मार्च 2024 रोजी हैदराबाद येथे हरियाणा स्टीलर्सला 28-25 असे हरवून पलटणने पहिले विजेतेपद मिळवले. पराभूत संघ मोडून नवा बांधण्याची घाई न करण्याचा हा निर्णय, प्रस्तुत लेखकाच्या मते, त्या हंगामातील कोणत्याही एका चढाईपेक्षा मोलाचा होता. अस्लम 2023 च्या हांगझोऊ आशियाई स्पर्धेतील सुवर्णविजेत्या भारतीय संघातही होता, आणि जाकार्तात भारताला रोखणाऱ्या इराणलाच त्या संघाने अंतिम सामन्यात 33-29 असे नमवले.

या घटनांचा कोल्हारच्या मैदानावर झालेला परिणाम दृश्य स्वरूपाचा आहे. पूर्वी हरलेल्या सामन्याचे गुणपत्रक आयोजकांकडेच राहत असे. आता संघातील राखीव खेळाडू त्याचे मोबाइलवर छायाचित्र घेतो. दोन चढाया गुणाविना गेल्यावर येणारी तिसरी चढाई, जिच्यात गुण न मिळाल्यास चढाईपटू बाद ठरतो, ती कोणी करायची याचा क्रम सामन्यापूर्वी लिहून ठेवला जातो. तीन किंवा कमी खेळाडू उरल्यावर केलेल्या पकडीस एक जादा गुण मिळतो, म्हणून तीन जणांनी बचाव करण्याचा सराव आठवड्यातून ठरलेल्या दिवशी स्वतंत्रपणे होतो, आणि त्यासाठी मुद्दाम संघातील सर्वांत ताकदवान चढाईपटूला समोर उभे केले जाते.