न छापलेलं तिकीट

आमच्या सोसायटीच्या गणपतीत दरवर्षी हाऊजी होते. आकडे पुकारणारा एकच, तिकिटं शंभर. ज्याची ओळ भरते तो स्वतःच ओरडतो. पुकारणाऱ्याला काहीही शोधावं लागत नाही.

१९८९ मध्ये माउरो देल'ओर्सो आणि लुचियानो रिस्तोरी या इटालियन भौतिकशास्त्रज्ञांनी जी चिप सुचवली, ती मला हाऊजीमुळेच समजली. डिटेक्टरमध्ये सिलिकॉनचे थर असतात. कण त्यांतून जाताना प्रत्येक थरावर एक ठिपका सोडतो. ठिपके ढीगभर, आणि कुठला कुठल्याला जोडायचा हे ठाऊक नसतं. साधा प्रोग्राम एकेक जोडणी तपासत बसतो, पण टकरी तर सेकंदाला लाखो होतात. सगळ्या साठवणं अशक्य. ठेवायची की फेकायची हे मायक्रोसेकंदांच्या हिशेबात ठरवावं लागतं, आणि फेकलेली टक्कर परत मिळत नाही.

म्हणून त्यांनी शोधणंच काढून टाकलं. कण कुठकुठल्या वाटेनं जाऊ शकतो याचे नमुने आधीच काढून चिपमध्ये भरायचे. ठिपका आला की सगळे नमुने एकाच वेळी स्वतःशी ताडून बघतात. ज्याचे थर भरले तो ओरडतो. नेमकं मोजमाप नंतर, फक्त तेवढ्याच वाटेवर.

शिकागोजवळच्या फर्मीलॅबमध्ये सीडीएफ प्रयोगात २००१ पासून अशा चिपांचं यंत्र चाललं. टकरीच्या जागेपासून किंचित बाजूला सुरू होणाऱ्या वाटा ते टिपायचं. २००६ मध्ये तिथे बी-सब-एस नावाचा कण सेकंदाला सुमारे ३ लाख कोटी वेळा प्रतिकणात बदलून परत येतो हे मोजलं गेलं. त्यासाठी लागणाऱ्या टकरी या यंत्रानं वाचवल्या होत्या.

हे वाचताना मला माझा फिल्टर आठवला. कामावर लॉग साठवण्याचं बिल फुगलं होतं. मी ओळखीच्या चुकांचे नमुने लिहिले. त्यांत बसेल ते ठेवायचं, बाकी फेकायचं. बिल अर्ध्यावर आलं, मीटिंगमध्ये कौतुक झालं. काही महिन्यांनी मोजक्या ग्राहकांचे पैसे दोनदा कापले जाऊ लागले. कारण शोधायला बसलो, तर त्या ओळीच नव्हत्या. ही चूक माझ्या एकाही नमुन्यात बसत नव्हती. तीन रात्री गेल्या. तिकीटच छापलेलं नसेल तर आकडे कितीही पुकारा, कोण ओरडणार?

कण शोधणाऱ्यांना ही भीती जुनीच आहे. म्हणून ते थोड्या टकरी कुठलीही निवड न करता, डोळे मिटून उचलतात आणि ठेवून देतात. फिल्टर काय फेकतोय हे त्यातूनच तपासता येतं.

मीही आता हजारातली एक ओळ तशीच ठेवतो. बिल थोडं वाढलं. मॅनेजरनं विचारलं, "यातून काय मिळतं?"

म्हटलं, "अजून काहीच नाही." त्यांनी ते चालू ठेवू दिलं.