पसरणीच्या घाटांत जुनी मोटार

वाईचें कृष्णातीर मागें पडलें आणि आमच्या जुन्या मर्सिडीजनें पसरणीचा घाट धरिला. पुण्याजवळ १९९५ सालीं ह्या जातीच्या मोटारींची जुळणी सुरू झाली, आमची त्यांपैकींच. पाऊस कोसळत होता. हिला वायपर एकच. पण तो फिरतां फिरतां लांबतो, आंखडतो, आणि कोपऱ्यांतलेंहि पाणी निपटून काढतो. वयापरत्वें प्रथम दगा देतात त्या रबरी नळ्या! त्या आम्हीं निघण्यापूर्वींच बदलविल्या होत्या. तरी आमची दृष्टि धोमच्या जलाशयाकडे कसली जाते? ती खिळलेली उष्णतेच्या कांट्यावर. मागें आईवडील निश्चिंत झोंपलेले. पांचगणी आली तेव्हां कांटा नव्वदावर स्थिर होता. आणि वर्षभर 'ही विकून टाका' म्हणणाऱ्या धाकट्या बंधूंनीं पुढील वाट हांकण्यासाठीं किल्ली मागितली.