सोप्यातला सोफा

भडक रंगाचा सोफा घेतला की बाकीची खोली गप्प ठेवायची, हा इंटिरिअरवाल्यांचा लाडका सल्ला. साठ टक्के भिंतींचा शांत रंग, तीस टक्के पडदे-फर्निचर, आणि उरलेल्या दहा टक्क्यांत काय ते मिरवून घ्यायचं. पुण्यात माझ्या टीममधल्या तिघांनी दोन वर्षांत फ्लॅट घेतले आणि तिघांच्याही हॉलमध्ये हेच ६०-३०-१० आहे. दिसतं छान, वादच नाही. पण ह्या हिशेबात एक प्रश्न कुणी विचारत नाही, कारण बाराव्या मजल्यावर तो पडतच नाही. ह्यातलं किती सामान अर्ध्या तासात वरच्या मजल्यावर नेता येईल?

आमच्या कुरुंदवाडच्या घरात सजावट ह्या प्रश्नापासून सुरू होते.

ज्यांना गाव माहीत नाही त्यांच्यासाठी : कोल्हापूर जिल्हा, शिरोळ तालुका. एकेकाळचं पटवर्धनांचं संस्थान. विष्णु दिगंबर पलुस्करांचा जन्म इथलाच, १८७२ चा. पंचगंगेवरचा पूल ओलांडला की नरसोबाची वाडी, आणि तिथे पंचगंगा कृष्णेला मिळते. संगम म्हटला की लोकांना घाट, दत्ताचं देऊळ आणि बासुंदी आठवते. आम्हाला त्याच्याबरोबर जुलै-ऑगस्ट आठवतो. कृष्णा फुगलेली असली की पंचगंगेचं पाणी पुढे सरकत नाही, मागे चढायला लागतं. त्यामुळे आमच्याकडचा पूर धावत येत नाही. पायरी-पायरीनं येतो, आणि आला की पाहुण्यासारखा बसून राहतो. २००५ ला आला, २०१९ ला आला, २०२१ ला आला. २०१९ ला सोप्यात माझ्या छातीपर्यंत पाणी होतं.

सोपा म्हणजे जुन्या घरातली रस्त्याकडची पहिली खोली. आलागेला माणूस इथेच टेकतो. आणि गंमत बघा, 'सोफा' हा शब्द मूळचा अरबी 'सुफ्फा', म्हणजे बसायचा उंच ओटा. तेव्हा सोप्यात सोफा ठेवणं हे तसं फार काही मॉडर्न प्रकरण नाहीये :)

२०१९ च्या आधी आमच्याकडे चॉकलेटी रेक्झिनचा सोफा होता. पाणी ओसरल्यावर तो उचलायला पाच माणसं लागली, कारण आतल्या फोमनं पाणी पिऊन घेतलं होतं. प्लायवूडचे पदर सुटले होते. काचेच्या शोकेसची खालची फळी पापडासारखी फुगली होती. आम्ही ते सगळं दारापुढे नेऊन टाकलं. गल्लीत प्रत्येक दारापुढे तसाच ढीग. गाद्या, सोफे, टीव्हीचे टेबल, मुलांच्या वह्या, सगळ्यांचा रंग एकच : गाळाचा. तो वास मी लिहून सांगू शकत नाही, आणि ज्यांनी घेतलाय त्यांना सांगायची गरज नाही.

२०२१ ला पाणी कमी होतं, पण आलं. त्यानंतर मात्र एक विचित्र गोष्ट झाली, जी माझ्या लक्षात यायला दोन सुट्ट्या जाव्या लागल्या. पुराआधी वर नेलेलं सामान खाली आलंच नाही. शिलाई मशीन वर, आईची पितळेची भांडी वर, पप्पांची पुस्तकं वर, अल्बम वर. खाली सोप्यात चार प्लॅस्टिकच्या खुर्च्या, त्याही एकात एक घालून ठेवलेल्या. वर्षाचे बाराही महिने घर जणू पुराच्या आदल्या दिवसात राहत होतं. मी म्हटलं, जयसिंगपूरला एखादा फ्लॅट बघूया का? पप्पा नुसतं "बघू" म्हणाले. आमच्याकडे 'बघू' म्हणजे नाही.

सोफ्याचा विषय काढला तो आईनं, २०२३ च्या गणपतीत. घरात माणसं येऊन जात होती आणि ती प्रत्येकाला खुर्ची सोडवून देत होती. संध्याकाळी म्हणाली, "पावसाचे दोन महिने. बाकीचे धा महिने काय मी खुर्चीवरच बसू?"

ह्यावर पप्पांकडे उत्तर नव्हतं. माझ्याकडे पण नव्हतं.

रंग तिनंच ठरवला. राणी. पेठेतल्या दुकानात फळ्यावरून ठाण उलगडलं तेव्हा दुकानातला ट्यूबलाइटसुद्धा जरा लाजला असेल. पप्पांचं म्हणणं चॉकलेटीच घ्यावा, मळकं दिसत नाही. "चॉकलेटी होता की. वाचला का त्यो?" आई म्हणाली आणि विषय संपला. आमच्या गल्लीच्या भाषेत सांगायचं तर, नाद खुळा.

मग माझं काम सुरू झालं. बाजारात तयार मिळणारा थ्री-सीटर आमच्या जिन्यातून जातच नाही. जिना अडीच फुटांचा, मध्ये वळण. म्हणून सोफा सलग करायचाच नाही, तीन सुटे भाग करायचे आणि खालून आकड्यांनी अडकवायचे, असं ठरलं. गावातल्याच एका मिस्त्रीमामांकडून करून घेतला. सांगाडा सागवानी, प्लाय किंवा एमडीएफ कुठेही नाही, कारण लाकूड भिजलं तर वाळवता येतं. दाबलेला भुसा एकदा फुगला की फुगला. पाय सहा इंची, म्हणजे खालून झाडू जातो आणि गाळ काढता येतो. फोम सांगाड्याला चिकटवलेला नाही, गादीसारखा सुटा. खोळींना चेन. कापड पॉलिएस्टरचं, कारण ते लवकर वाळतं आणि राणी रंग सुती कापडात पहिल्याच धुण्याला बादलीभर गुलाबी पाणी सोडण्याची भीती. मामांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "दादा, सोफा करायचाय का होडी?" पण केला मात्र झकास. एकेक भाग अठरा किलो भरला. दोन माणसं आरामात उचलतात.

आता खोली. भिंती पोपटी होत्या, २०२१ नंतर घाईत मारलेलं डिस्टेंपर. सोफा आणून ठेवला आणि सगळे गप्प. पोपटीसमोर राणी नुसता भडक दिसत नव्हता, तो थरथरत होता. डोळा एका जागी ठरेना. ह्याला कारण आहे. पॅरिसच्या गोबलँ ह्या गालिच्यांच्या कारखान्यात मिशेल शेव्रल नावाचा रसायनतज्ज्ञ रंगाईचा प्रमुख होता. तक्रार आली की काही काळे रंग फिके पडतायत. त्यानं तपासलं तर रंगात खोट नव्हती. शेजारी विणलेल्या रंगांमुळे तो काळा डोळ्याला फिका भासत होता. त्यावर त्यानं १८३९ साली अख्खं पुस्तक लिहिलं. थोडक्यात, दोन रंग शेजारी आले की ते एकमेकांना आपल्यापासून लांब ढकलतात. गुलाबी आणि हिरवा तर जवळजवळ समोरासमोरचेच, त्यामुळे दोघंही जास्त ओरडतात.

आईनं शेव्रल वाचलेला नाही, पण ती इरकल नेसते. तिचं म्हणणं असं : इरकलीचं अंग कुठल्याही रंगाचं असू दे, पदर लालच असतो, आणि तरी ती कधी अंगावर येत नाही. का? कारण अंग मुकाट असतं आणि पदर एकाच बाजूला असतो. "सोफा पदर हाय. भिंतीला पदर व्हायला कुणी सांगितलं?" सहा हजार रुपये घेऊन कन्सल्टेशन करणाऱ्या कुणी मला हे इतकं सरळ सांगितलं नसतं.

भिंतींना मग चुना. इथे पेंटरशी थोडी हुज्जत झाली. त्याला खालच्या चार फुटांना ऑइल पेंट मारायचा होता, "पाणी आलं तर पुसून घ्यायचं". ऐकायला बरोबर वाटतं. पण पूर भिंतीच्या पृष्ठभागावर थांबत नाही, विटा-मातीत शिरतो आणि नंतर महिनोन् महिने बाहेर पडत राहतो. ऑइल पेंटखाली ती ओल अडकते, फोड येतात, आणि एक दिवस गिलाव्यासकट पापुद्रा हातात येतो. २०१९ नंतर गल्लीत हे घरोघरी बघितलंय. चुन्यातून ओल निघून जाते. शिवाय परत मारायचा तर दोन दिवस आणि थोडे पैसे, बास. आईनं त्यात चिमूटभर नीळ टाकायला लावली, तिच्या माहेरी टाकायचे तशी. चुना पांढराशुभ्र दिसतो, आणि दुसरा एक फायदा झाला जो आम्ही धरलाच नव्हता : दुपारी खिडकीतून उजेड आला की सोफ्याचा रंग मागच्या भिंतीवर सांडतो, आणि त्या निळसर पांढऱ्यावर तो गुलाबी अगदी हलका, अबोलीच्या आसपासचा दिसतो. संध्याकाळी ट्यूब लावली की राणीत जांभळेपणा यायचा, म्हणून ४००० केल्विनचा एलईडी लावला. फरशी शहाबादी, राखाडी. तिला काही करायचं नव्हतं. पूर येऊन गेल्यावर ती एकटीच जशीच्या तशी होती.

दाराच्या चौकटीशेजारी पप्पांनी पेन्सिलनं तीन रेघा मारल्या होत्या, २००५, २०१९, २०२१. पेंटरनं ब्रश तिथे थांबवून विचारलं, घालवू का? पप्पा म्हणाले, "ऱ्हाऊ दे." तेवढा वीतभर पट्टा जुन्या पोपटी रंगाचा राहिलाय. सजावट म्हणून बघाल तर डाग आहे. मला तो खोलीतला सगळ्यात कामाचा कोपरा वाटतो, कारण बाकीचं सगळं त्या मधल्या, सगळ्यात वरच्या रेघेवरून ठरलं. प्लग पॉइंट तिच्यावर. टीव्ही तिच्यावर. पलुस्करांचा फोटो आणि घड्याळ तिच्यावर. तिच्याखाली फक्त जे उचलता येतं ते, नाहीतर जे भिजलं तरी चालतं ते. शोकेस नको म्हटलं. गालिचा नाही, चटई. टीपॉय म्हणजे आज्जीची लोखंडी ट्रंक, वर कापड.

उशांना खण घेतला, गुळेदगुड्डचा. गर्द हिरवा, काळपट निळा आणि एक चटणी रंगाचा. हिरवा भिंतभर असताना भांडत होता, उशीएवढा झाल्यावर नांदायला लागला. खणाच्या उभ्या-आडव्या धाग्यांचे रंग वेगळे असल्यामुळे तो चालताना बदलतो, म्हणून सोफ्यासमोर टिकतो; सपाट हिरवं कापड टिकलं नसतं, आम्ही ठेवून बघितलं. आणि हे गुळेदगुड्ड म्हणजे बागलकोट जिल्हा, आलमट्टीच्या पाण्याशेजारचा मुलूख. दर पावसाळ्यात आमच्याकडे चौकाचौकात आलमट्टीच्या दरवाजांवर भांडण होतं. मीही तावातावानं बोलतो. बोलतो ते त्याच मुलखातल्या उशीला टेकून.

दिवाळीत आम्ही चक्क ड्रिल केलं. कंपनीत दर सहा महिन्यांनी डिझास्टर रिकव्हरीचा सराव करतो, तर घरी का नको? शेजारचा कॉलेजातला मुलगा आणि पप्पा, मी हात लावायचा नाही अशी अट, कारण खरी वेळ येईल तेव्हा मी पुण्यातच असणार. आकडे सोडवणं, तीन भाग, गाद्या, उशा, ट्रंक. बावीस मिनिटं. पप्पांना घाम आला, पण चेहरा खूश होता. वाडीला पाणी चढायला लागलं की दत्ताची उत्सवमूर्तीसुद्धा वर नारायणस्वामींच्या देवळात नेतात. आई म्हणाली, देव हलतो तर सोफ्याला काय झालंय.

२०२४ च्या जुलैत कोल्हापूरला राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेनं ४३ फुटांची धोका पातळी ओलांडली, आणि त्याच्या आदल्या रात्रीच आमचा सोफा वर गेला. मी मीटिंगमध्ये होतो, कॅमेरा बंद करून दुसऱ्या फोनवर घर बघत होतो. खालचा सोपा रिकामा, निळसर पांढरा, तीन रेघांसकट. वर धान्याच्या पोत्यांना लागून तिन्ही भाग एका ओळीत, आणि मधल्या भागावर आई बसलेली, पाय वर घेऊन, चहाचा कप हातात. पप्पा खिडकीशी उभे राहून लांबच्या पाण्याकडे बघत होते. "बसा की," ती त्यांना म्हणाली. "उभं राहून काय उतरणार हाय का?"

त्या वर्षी पाणी आमच्या दारापर्यंत आलं नाही. बारा दिवसांनी सोफा खाली आला, आणि त्याच्या मागोमाग शिलाई मशीनही. ते कुणी सांगितलं होतं हे मी विचारलं नाही. आता ते खिडकीखाली असतं, वजन मोजलं तर सोफ्याच्या एका भागापेक्षा जास्त भरतं, आणि ड्रिलच्या यादीत घालायला हवंय. पडद्यांचं अजून ठरत नाही. आईला चिंतामणी हवेत. मी पांढरे म्हणतोय. पप्पा म्हणतायत, बघू.