शह, मात आणि शहापूर

क्रिकेटवेड्या माणसाला समाजात मान असतो. भर ऑफिसात तो "स्कोअर काय झाला?" म्हणून ओरडला, तर साहेब रागवत नाहीत, स्वतःच्या मोबाइलवर बघून स्कोअर सांगतात. कबड्डीच्या शौकिनाला तर आमच्या शहापूर-मुरबाडकडे पंचक्रोशी ओळखते. पण बुद्धिबळाची मॅच बघणाऱ्याकडे लोक कसे बघतात ठाऊक आहे? उन्हात वाळत घातलेल्या पापडांपुढे कोणी टाळ्या वाजवत बसला, तर त्याच्याकडे बघतील तसे! "काय झालं?" असं कुणी विचारलंच, तर आपण सांगायचं, "विचार करतेय." अर्ध्या तासाने पुन्हा विचारलं, तरी उत्तर तेच. तिसऱ्यांदा कुणी विचारत नाही.

वास्तविक शहापूर या नावातच शह आहे. मी राहतो शहापुरात आणि नोकरी करतो मुरबाडला, एका बँकेत. कॉमर्सचा पदवीधर, वय सेहेचाळीस, हुद्दा नोकरीला लागलो तेव्हाचाच. "तुम्ही खेळता का हो?" असं लोक विचारतात. मोहरी कशी चालतात तेवढं मला येतं. पण गाणं ऐकायला गळा लागत नाही, तसं डाव बघायला डोकं लागत नाही, अशी माझी पक्की समजूत आहे. काळीज तेवढं मजबूत पाहिजे.

हे दुखणं वडिलार्जित आहे. 1972 साली आइसलंडमध्ये फिशर आणि स्पास्की यांची जगज्जेतेपदाची लढत झाली, तेव्हा आमचे वडील वर्तमानपत्रातल्या चाली पटावर मांडून बघत. तेव्हा एका बैठकीत डाव संपला नाही, तर खेळाडू आपली पुढची चाल कागदावर लिहून पाकिटात बंद करायचा आणि ते पाकीट पंचांकडे ठेवायचा. शेवटचा, एकविसावा डाव असाच पाकिटात गेला, आणि दुसऱ्या दिवशी स्पास्कीने फोनवरूनच हार कळवली. ही बातमी शहापुरात पोचली तेव्हा वडील पटावर स्पास्कीला वाचवायच्या खटपटीत होते म्हणे. दोन दिवस उशिरा का होईना, पण एका माणसाने त्याची बाजू सोडली नव्हती.

आता सगळं त्या क्षणी दिसतं. मोबाइलवर पट असतो आणि पटाशेजारी एक उभी पट्टी असते. पांढरं जड झालं की पांढरा रंग वर चढतो, काळं जड झालं की काळा. कोण किती पुढे आहे ते संगणक दशांश चिन्हासकट सांगतो. ही पट्टी म्हणजे आम्हां कॉमर्सवाल्यांवर देवाची कृपा आहे. घोडा कुठे गेला आणि का गेला, हे आम्हांला कळत नाही. पण जमा कुठे, नावे कुठे आणि टॅली झालं की नाही, एवढं बरोबर कळतं. गंमत म्हणजे ही पट्टी साऱ्या जगाला दिसते, फक्त खेळणाऱ्या दोघांना दिसत नाही. त्यामुळे मुरबाडच्या कॅश काउंटरवरचा मनुष्य ग्रँडमास्टरला "अगं, हत्ती! हत्ती हलव!" असं सांगू शकतो.

तर 2025 च्या जुलैत महिलांचा विश्वचषक जॉर्जियात, काळ्या समुद्राकाठच्या बाटुमी गावी झाला. अंतिम फेरीत दोघीही भारतीय! दिव्या देशमुख आणि कोनेरू हंपी. इतके दिवस माझं बरं चाललं होतं. दिव्याने उपांत्य फेरीत चीनच्या तान झोंगयीला, म्हणजे एकेकाळच्या जगज्जेतीला हरवलं, तेव्हा मी चहा पाजला. हंपीने चीनच्याच ले टिंगजीला हरवलं, तेव्हाही पाजला. आता मात्र पंचाईत झाली. मुलीच्या लग्नात वधूपक्षाकडून जेवायचं की वरपक्षाकडून, हा प्रश्न सोपा. पंगत एकच असते. इथे एका पंगतीतलं ताट उचलल्याशिवाय दुसरीकडे वाढणं होणार नव्हतं.

शाखेत कुणाला शंकाच नव्हती. दिव्या नागपूरची, म्हणजे आपली. निवृत्तीला टेकलेले आमचे हेडकॅशियर तर एकदम इतिहासात शिरले. "1974 साली महिलांची पहिली राष्ट्रीय स्पर्धा झाली, ती कोणी जिंकली? वासंती खाडिलकरांनी! मग जयश्री, मग रोहिणी. एकाच घरातल्या तिघी बहिणी! तेव्हा हे आपल्याकडे यायलाच पाहिजे!" जसं काही मधली एक्कावन्न वर्षं हिशेबात धरायचीच नव्हती.

मराठी मलाही कळतं. पण माझं मन दुसरीकडे ओढत होतं. दिव्या एकोणीस वर्षांची, हंपी अडतीस. बरोबर दुप्पट! हंपी 2002 साली पंधराव्या वर्षी ग्रँडमास्टर झाली. तेवढ्या लहान वयात जगातली कुठलीच मुलगी त्याआधी झालेली नव्हती. दिव्याचा जन्म त्यानंतर तीन वर्षांनी, 2005 मधला! पुढे हंपीचं लग्न झालं, मुलगी झाली, दोनेक वर्षं ती पटापासून दूर राहिली, आणि परत येऊन 2019 मध्ये आणि पुन्हा 2024 मध्ये जलद बुद्धिबळाची जगज्जेती झाली. इकडे दिव्या म्हणजे काय, तर ग्रँडमास्टर व्हायला जे तीन नॉर्म लागतात, त्यांतला एकही तिच्याकडे नव्हता. मात्र विश्वचषक जिंकला तर किताब थेट मिळणार होता. आमच्याकडे परवाच एक चोवीस वर्षांचा मुलगा अधिकारी म्हणून आला. चांगला आहे, नम्र आहे, मला "सर" म्हणतो, आणि सही माझ्या वरती करतो. आता सांगा, माझं मन कुठे जाणार?

पहिला डाव 26 तारखेला, चौथा शनिवार. बँका बंद. बरोबरी झाली. दुसरा रविवारी. तीही बरोबरीच. मी सोफ्यावर पडून बघत होतो. बायको म्हणाली, "दोन दिवस बघताय, आणि काहीच झालं नाही?" मी म्हटलं, "खूप झालं, पण कुणाचंच काही गेलं नाही." ती म्हणाली, "असा खेळ पाहिजे!" खरं सांगायचं तर ते दोन दिवस मी मोठा सुखात होतो.

सोमवारी टायब्रेकर. पहिला श्रावणी सोमवार, माझा उपास, आणि पीकविम्याची गर्दी. जलद डाव, प्रत्येकीला पंधरा मिनिटं आणि चालीमागे दहा सेकंद. पहिला डाव एक्क्याऐंशी चालींचा झाला, पुन्हा बरोबरी. दुसरा सुरू झाला तेव्हा मी शहापूरच्या एसटीत होतो. बाहेर पाऊस, खाचरांत भाताची लावणी, आणि शेजारी कॉलेजातला एक मुलगा, त्याच्याही मोबाइलवर तोच पट! या रस्त्यावर चढ-उतार आले की रेंज जाते. माझी गेली की त्याच्यात बघायचं, त्याची गेली की माझ्यात. दोघांचीही गेली की एकमेकांकडे बघायचं.

"कुणाच्या बाजूने?" मी विचारलं.

"दिव्या! तुम्ही काका?"

"मी… बघतोय."

कंडक्टर वाकून म्हणाला, "कोण जिंकतंय?" आम्ही दोघे एकदम म्हणालो, "विचार करतेय."

पट्टी बराच वेळ मधोमध होती. पण शेजारचं घड्याळ मधोमध नव्हतं. "काका, हंपीचं टायमिंग बघा," तो मुलगा हळूच म्हणाला. मी ते केव्हापासून बघत होतो. डोकं शाबूत, अनुभव शाबूत, आणि सेकंद संपत आलेले. हे दृश्य सेहेचाळिसाव्या वर्षी परकं वाटत नाही. आता पटाकडे बघवेना, खिडकीबाहेर बघितलं. पुन्हा आत बघितलं, तर पट्टी सगळी काळी. दिव्याची मोहरी काळी होती.

पोरगा सीटवरून उडाला. बुद्धिबळात हरणारा हात पुढे करतो. मी त्याच्यापुढे हात केला. त्याने तो अभिनंदनाचा समजून जोरात हलवला, आणि ते एका परीने बरोबरच होतं.

दिव्या अडीच-दीडने जिंकली. भारताची अठ्ठ्याऐंशीवी ग्रँडमास्टर झाली. बायकांमधली चौथी, आणि त्यांतली पहिली कोण, तर हंपी. घरी साबुदाण्याच्या खिचडीपुढे बसून मी चित्रफीत बघितली. दिव्या आईच्या गळ्यात पडून रडत होती. बायको म्हणाली, "जिंकली ना? मग रडते कशाला?" मग माझ्याकडे बघून म्हणाली, "आणि तुम्हांला काय झालं?" मी म्हटलं, "तिखट आहे." ती म्हणाली, "उपासाला मी मिरची घातलेलीच नाही."

दुसऱ्या दिवशी नागपंचमी. नागपूरच्या मुलीचे पेढे नागपंचमीला वाटायचे, म्हणून मी अर्धा किलो घेऊन गेलो. हेडकॅशियरांनी दोन्ही गालांत एकेक ठेवला आणि "यायलाच पाहिजे होतं!" असं म्हणायचा प्रयत्न केला. नव्या अधिकाऱ्याने "थँक यू सर" म्हणून घेतला. तेवढ्यात पेन्शनला येणाऱ्या एक आजी काउंटरवर आल्या.

"पेढं कशाचं रं बाबा?"

"आजी, आपली पोरगी बुद्धिबळात जिंकली."

"बरा झाला. न् हारली कोन?"

"तीसुद्धा आपलीच."

आजींनी क्षणभर विचार केला, पासबुक काउंटरवर ठेवलं आणि दोन्ही हात पुढे केले. "मंग दोन दे."

मी दिले. कॉमर्सच्या पहिल्या वर्षाला आम्हांला जे शिकवलं होतं, ते हेच. प्रत्येक व्यवहाराची नोंद दोन खात्यांत करायची असते.