कोंढा ते पवनी : जुन्या जावावरून

पवनी तालुक्यातील कोंढा हे आमचे गाव. शेजारच्या कोसऱ्याचे नाव जोडून लोक त्याला कोंढा-कोसरा म्हणतात. भंडाऱ्याहून पवनीला निघालात की अड्याळनंतर धानाच्या बांध्या आणि बोड्या बघत रस्ता आमच्या गावी येतो. याच रस्त्याने आमच्या मोठ्या बाबांनी जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तरकी करताना २४ वर्षे जावा मोटारसायकल चालवली. सभा असो, लग्न असो की कुणाला दवाखान्यात न्यायचे असो, वस्तीची गाडी तीच.

गाडी १९६९ सालची. म्हैसूरच्या आयडियल जावा कारखान्यात १९६१ पासून या गाड्या तयार होत. १९९६ मध्ये तो कारखाना बंद पडला, सुटे भाग मिळेनासे झाले आणि मोठ्या बाबांची जावा कोठ्यात तणसाच्या ढिगाआड गेली. पुढे २०१८ मध्ये जावा नाव नव्या गाड्यांवर पुन्हा आले. त्यानंतर जुन्या गाडीलाही गिऱ्हाईक येऊ लागले. आमच्याकडेही एक जण नागपूरहून येऊन बऱ्यापैकी रक्कम सांगून गेला. घरात मुलीच्या शिक्षणाचा खर्च डोक्यावर होता. सर्वांचे मत पडले, विकून टाकू. मोठे बाबा ८४ वर्षांचे. ते एवढेच म्हणाले, "एकडाव मले तिच्यावर बसवून पवनीले नेऊन आण बाबू. मंग विका."

आम्ही पडलो कारकून. हिशेब ठेवणे जमते, पाना धरणे नाही. गावच्या मेकॅनिकच्या हाताखाली सहा महिने रविवार घालवले. सिलिंडर बोअर करून नवा पिस्टन घातला, वायरिंग बदलले, टाकी रंगवली. अंगणात गाडी पहिल्या किकला सुरू झाली तेव्हा पोरे नाचली. (जावाची किक आणि गिअर यांची दांडी डाव्या बाजूला एकच असते, हे नव्या पोरांना फार नवल वाटते.) मोठ्या बाबांनी कागदपत्रे ट्रंकेत जपली होती, म्हणून नोंदणीचे नूतनीकरणही झाले. २०२१ च्या केंद्रीय नियमाप्रमाणे ५० वर्षांवरील गाडीची 'व्हिंटेज' म्हणून नोंद करता येते, पण मग ती रोजच्या कामाला रस्त्यावर आणता येत नाही. आम्हाला शोभेची गाडी नको होती, म्हणून साधी नोंदणीच ठेवली.

खरी परीक्षा रस्त्यावर झाली. सात-आठ किलोमीटर गेले की गाडी आचके देऊन बंद पडे. दहा मिनिटे थांबलो की पुन्हा सुरू. आम्ही प्लग काढून पाहिला. तो काळाकुट्ट असेल तर पेट्रोल जास्त, पांढरट असेल तर कमी आणि इंजिन तापण्याचा धोका. आमचा प्लग पांढरट निघाला. मग कार्ब्युरेटर दोनदा उघडून धुतला. आजकालच्या पेट्रोलमध्ये इथेनॉल असते, त्याने जुने रबर फुगते, म्हणून नळीही बदलली. तरी तेच. तिसऱ्या रविवारी आम्ही वैतागून म्हणालो, "जाऊ द्या, विकून मोकळे होऊ."

ओसरीवरून मोठे बाबा म्हणाले, "बंद पडली का टाकीचं झाकण उघडून पाय. तिचा दम कोंडते."

पुढच्या खेपेला बंद पडताच झाकण उघडले. सूं करून हवा आत गेली. लगेच किक मारली, गाडी सुरू! दोष आमचाच होता. झाकणाचा नवा रबरी वायसर आम्ही स्वतः कापून बसवला होता आणि हवेचे बारीक छिद्र त्याखाली बुजले होते. टाकीत हवा जात नाही म्हणून पेट्रोल खाली उतरत नव्हते. थांबलो की हळूहळू हवा शिरे, म्हणून पुन्हा चाले. सुईने वायसरला भोक पाडले. सहा महिन्यांच्या खर्चात या कामाचा खर्च शून्य!

मग एका सकाळी दोघेही हेल्मेट घालून निघालो. लिटरमागे ४० मिलिलिटर ऑइल मिसळले होते. पिस्टन नवा, म्हणून वेग पस्तिशीच्या आत. सहा व्होल्टचा दिवा मिणमिणता, म्हणून दिवस असतानाच परतायचे ठरवले. मोठे बाबा मागे बसून प्रत्येक वळणाआधी खांद्यावर थाप मारत. रस्ता त्यांना पाठ होता.

पवनीला वैनगंगेच्या काठी गोसीखुर्द धरणाने अडवलेले पाणी लांबवर दिसते. तिथून जगन्नाथ टेकडीला गेलो. १९६९-७० मध्ये येथील उत्खननात प्राचीन स्तूप सापडला. त्याच्या दगडी कठड्यावर दान देणाऱ्यांची नावे ब्राह्मी लिपीत कोरलेली आहेत. तो उजेडात आला आणि आमची जावा रस्त्यावर आली, काळ एकच. मोठे बाबा पायथ्याशी बसले आणि शाळेच्या किती सहली इथे आणल्या ते बोटांवर मोजू लागले.

परतताना गाडी एकदाही बंद पडली नाही. घरी उतरून त्यांनी टाकीवर हात फिरवला. म्हणाले, "आता विका का ठेवा, तुमची मर्जी. पर विकसान तं चालती गाडी म्हणून विका, भंगार म्हणून नोको."

नागपूरच्या गिऱ्हाइकाला आम्ही अजून उत्तर कळवलेले नाही. मुलीची फी पतसंस्थेच्या कर्जातून भरली आहे, हप्ता आम्ही फेडतो आहोत. येत्या रविवारी मोठ्या बाबांना अड्याळला जायचे आहे.