भावाला गाडी घ्यायची होती

गेले पंधरा दिवस आमच्या घरी दुसरा विषय नव्हता. चहा घेताना गाडी, जेवताना गाडी, रात्री गच्चीवर खाट टाकली की पुन्हा गाडी. धाकट्या भावाच्या ओळखीचे अमरावतीचे एक डॉक्टर आपली टोयोटा कॅमरी हायब्रिड विकत होते. २०२२ ची, एक्केचाळीस हजार किलोमीटर चाललेली, मोत्यासारखी पांढरी. नवी असताना शोरूमची किंमत ४१ लाख ७० हजार होती. डॉक्टर पंचवीस मागत होते.

"दादा, तू फिजिक्सचा मास्तर. तूच पाहून सांग, घ्याची का नाही," भाऊ म्हणाला.

तीस वर्षं पोरांना न्यूटन शिकवला, पण अशी कामगिरी कुणी दिली नव्हती. खरं सांगतो, मनातून सुखावलो. त्या रात्री दोन वाजेपर्यंत कॅमरीचंच वाचत बसलो होतो.

आता तुम्ही विचाराल, चांदूर रेल्वेच्या शेतकऱ्याच्या घरात पंचवीस लाख आले कुठून? सांगतो. आमचं सव्वातीन एकर वावर समृद्धी महामार्गात गेलं. २०१७-१८ च्या सुमारास थेट खरेदी झाली, कायद्याने येणाऱ्या मोबदल्यावर पंचवीस टक्के जास्त मिळाले. त्यातून घर झालं, भावाचं कर्ज फिटलं, राहिलेले पैसे मायच्या नावावर बँकेत ठेवले. त्या एफडीची मुदत आता संपत आली होती. व्याजासकट पंचवीस लाखाच्या आसपास. डॉक्टरांचा आकडा आणि एफडीचा आकडा इतका जुळला की भावाला तो देवाचा संकेतच वाटला.

एक गोष्ट इथेच सांगून टाकतो, कारण नंतर धीर होणार नाही. बाबा गेले तेव्हा सात-बारावर मायसोबत आम्हा तिघा भावंडांची नावं चढली होती. बहीण मूर्तिजापूरला दिलेली. रस्त्याची काही खबर नव्हती त्या काळात तिने हक्कसोडपत्रावर सही करून दिली. "मला काय करायचं वावर, तुम्हीच पाहा," म्हणाली. नंतर रस्ता आला, पैसे आले. तिने कधी विचारलं नाही. आम्हीही काढलं नाही.

असो. गाडीकडे येतो.

डॉक्टर भला माणूस. म्हणाले, रविवारी दिवसभर घेऊन जा, पेट्रोल तेवढं तुम्ही टाका. आम्ही दोघं एसटीने अमरावतीला गेलो आणि कॅमरीत बसून परतलो. पहिली गंमत अंगणातच झाली. भावाने बटण दाबलं, काचेवर दिवे लागले, आणि... काहीच नाही. तो पुन्हा पुन्हा बटण दाबायला लागला. डॉक्टर हसून म्हणाले, "अहो, चालू आहे ती." हायब्रिड गाडी निघते ती बॅटरीवर, विजेच्या मोटरने. इंजिनाला बोलावणं जातं ते जोर लागला की, नाहीतर बॅटरी उतरली की.

अडीच लिटरचं पेट्रोल इंजिन आणि मोटर, दोन्ही मिळून २१८ पीएस. नेहमीच्या अर्थाने गिअर नाहीत. ग्रहमालेसारखी दातेरी चाकांची एक जुळणी आहे, ती इंजिन आणि मोटरचा जोर हवा तसा एकत्र करते. इंजिनही जरा वेगळ्या जातीचं. त्यातली आत घेणारी झडप उशिरा बंद होते, त्यामुळे वायू जितका दाबला जातो त्यापेक्षा जास्त पसरतो. याला अ‍ॅटकिन्सन चक्र म्हणतात. इंधन वाचतं, पण सुरुवातीचा जोर कमी पडतो. तो कमीपणा मोटर भरून काढते, कारण मोटरचा जोर पहिल्या फेऱ्यापासून पूर्ण असतो. एकाचं वैगुण्य दुसऱ्याने झाकायचं. (आमच्या दोघा भावांचंही थोडंफार असंच चाललं आहे. कोण इंजिन आणि कोण मोटर ते विचारू नका.)

आणि ब्रेक! साध्या गाडीत ब्रेक दाबला की सगळी गतिज ऊर्जा उष्णता होऊन उडून जाते. इथे मोटरच जनित्र होते आणि त्यातला बराच भाग बॅटरीत परत जातो. हे मी फळ्यावर कितीदा काढलं असेल. पण राजापेठेच्या गर्दीत पाय ब्रेकवर असताना समोरच्या पडद्यावर बाण उलटा वळून बॅटरीकडे जाताना पाहिला तेव्हा, साठीला टेकलेला माणूस मी, मोठ्याने "वा!" म्हणालो.

शहरात या गाडीला तोड नाही. गर्दीत, सिग्नलवर इंजिन झोपलेलं असतं. राजापेठ ते पंचवटी आणि परत, असे दोन चकरा मारल्या. पडद्यावर लिटरला १९ च्या वर आकडा. पावणेदोन टनाला टेकलेल्या, अडीच लिटर इंजिनाच्या गाडीचा! याच मापाची साधी पेट्रोल गाडी अशा गर्दीत नऊ-दहाला रडते. २०१३ साली भारतात कॅमरी हायब्रिड आली तेव्हा शेजारी साधी पेट्रोल कॅमरीही मिळायची. २०१९ पासून इथे फक्त हायब्रिड. त्याच्याही आधी, २००८ मध्ये, होंडाने सिव्हिक हायब्रिड आणली होती. साडेएकवीस लाखांची गाडी कुणी घेईना, म्हणून त्याच वर्षी किंमत काही लाखांनी पाडावी लागली होती. तेव्हा लोकांना बॅटरीची भीती होती. आता टोयोटा बॅटरीला आठ वर्षं किंवा एक लाख साठ हजार किलोमीटरची हमी देते, जे आधी होईल ते. म्हणजे डॉक्टरांच्या गाडीला २०३० पर्यंत चिंता नाही.

तरी एक गोष्ट मी वाकून पाहिली. बॅटरी मागच्या सीटखाली आहे. तिला थंड ठेवायला एक पंखा गाडीच्या आतलीच हवा ओढतो, सीटखालच्या जाळीतून. आता डॉक्टरांच्या गाडीत काय, डॉक्टर बसतात. आमच्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे, आणि भाऊ कापूस वेचणीच्या दिवसात डिक्कीतच काय, मागच्या सीटवरही गाठोडी टाकणार. रुई त्या जाळीत जाणार, पंख्याचा श्वास कोंडणार. उष्णता हा बॅटरीचा खरा वैरी. मी भावाला म्हटलं, या गाडीत कापूस चालणार नाही. तो म्हणाला, "कापसाले बोलेरो हाय ना." म्हणजे दोन गाड्या. हे आधी ठरलं नव्हतं.

चांदूरला आलो. रस्त्यातल्या गतिरोधकांवर भाऊ गाडी तिरपी करून, श्वास रोखून काढत होता. आमच्याकडचे गतिरोधक ट्रॅक्टर अडवायला बांधलेले असतात, लांबलचक सेडान त्यांच्या हिशोबात नसते. आमच्या गल्लीत गाडी शिरली, पण वळेना. पुतण्या उतरून "या मोठेबाबा, या, या... थांबाऽऽ" करत होता. चार हात रुंद बोळ आणि पावणेपाच मीटरच्या वर लांब गाडी. बकऱ्या तर हलतच नव्हत्या, कारण त्यांना आवाजच येत नव्हता.

गाडीच्या मागे टोयोटाचं चिन्ह, पण कंपनीचं पूर्ण नाव टोयोटा किर्लोस्कर. गाडी कर्नाटकात बिडदीला तयार होते. किर्लोस्कर म्हटलं की आमच्या पिढीला लोखंडी नांगर आठवतो. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० साली किर्लोस्करवाडी वसवली ती नांगरांच्या कारखान्यासाठी. आमच्या गोठ्यात असा एक नांगर कित्येक वर्षं गंजत उभा होता. वावर गेलं तेव्हा भंगारात दिला, किलोच्या भावाने. भावाला हे सांगितलं तर तो म्हणाला, "मंग त घ्यालेच पाह्यजे. घरचीच कंपनी झाली ना!"

माय तयार होऊन ओट्यावर बसली होती. नवं लुगडं, हातात पिशवी. वय अठ्ठ्याहत्तर, गुडघे गेलेले. बोलेरोत चढायला तिला पाट लागतो, म्हणून मला वाटलं होतं इथे सोपं जाईल. गेलंही. बसणं सोपं. पण सीट जमिनीलगत, त्यामुळे उतरताना दोघांनी हात धरून ओढावं लागलं. हे कुठल्याही परीक्षणात मला वाचायला मिळालं नव्हतं. बसल्यावर मात्र ती खूष. मागची सीट बटणाने कलते, एसी मागूनच लावता येतो, खिडकीला पडदा. पाच मिनिटांनी म्हणाली, "चालू कर ना रे आता."

"माय, आपण बसस्टँडवर आलो."

धामणगावच्या इंटरचेंजवरून समृद्धीवर चढलो. ११ डिसेंबर २०२२ ला नागपूर ते शिर्डी खुला झाला, ५ जून २०२५ ला मुंबईपर्यंत, पूर्ण ७०१ किलोमीटर. आमच्या तालुक्यातून जातो, तरी मायने तो आतून कधी पाहिला नव्हता. भावाने ११० ला क्रूझ लावला. गाडीत फक्त हवेचा सूं असा आवाज. आणि इथे मी मास्तर पुन्हा जागा झालो. पडद्यावरचा आकडा उतरत होता. १८... १७... साडेसोळा. साहजिक आहे. हायब्रिडची कमाई ब्रेकमध्ये, आणि इथे ब्रेक लावायलाच मिळत नाही. परत मिळवायला ऊर्जाच नाही. वर हवेचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो. मोटर जवळजवळ पाहुणीसारखी बसलेली, सगळं ओझं इंजिनावर. साडेसोळा म्हणजे वाईट नाहीच, पण ज्या रस्त्यासाठी भाऊ गाडी घेत होता त्याच रस्त्यावर तिचा मोठा गुण निम्मा झाला होता.

"आपलं वावर कुठं आलं रे?" मायने विचारलं.

भावाला ठाऊक होतं. पुलाच्या पुढे, उजवीकडे एक जुनं कडुलिंबाचं झाड कुंपणाबाहेर राहिलं आहे, ती खूण. "आता येते, माय... हे पाय, हे..."

मायने पडद्याची दोरी शोधली, पडदा सरकवला, वाकून पाहिलं.

"कुठं?"

"गेलं."

"थांबव ना जराक."

"इथं थांबता येत नाही, माय."

मला सवय आहे, मी मनात हिशोब केला. सव्वातीन एकर म्हणजे तेरा हजार चौरस मीटर. रस्त्याची पट्टी १२० मीटर रुंद आणि ती पूर्ण आमच्याच वावरातून गेली, म्हणजे लांबी साधारण एकशेदहा मीटर. ताशी ११० ने साडेतीन सेकंद. बाबांना ते वावर नांगरायला आठवडा लागायचा. हे मी कुणाला बोललो नाही. शिवणीच्या इंटरचेंजपर्यंत कुणीच काही बोललं नाही.

रात्री वही घेऊन बसलो. भाऊ वर्षाला पंधरा हजार किलोमीटर फिरतो. कॅमरी सरासरी १७ ने धरली तर ८८२ लिटर, १०५ रुपयांनी साडेब्याण्णव हजारांचं पेट्रोल. आमची जुनी बोलेरो १४ देते. १०७१ लिटर डिझेल, साडेएक्क्याण्णवच्या भावाने अठ्ठ्याण्णव हजार. म्हणजे पंचवीस लाखांची गाडी घेऊन वर्षाला साडेपाच हजार वाचणार. तेवढ्याच पंचवीस लाखांवर सात टक्क्यांनी बँक पावणेदोन लाख देते. याच मापाच्या साध्या पेट्रोल गाडीशी तुलना केली तर हायब्रिड वर्षाला पन्नास हजार वाचवते हे खरं, पण ती गाडी तरी आम्ही कुठे घेत होतो? नव्या कॅमरीचा प्रश्नच नव्हता. डिसेंबर २०२४ मध्ये ती ४८ लाखांना आली. सरकारचा कलही आता बदलला. आधी मोठ्या हायब्रिडवर ४३ टक्के कर आणि तशाच साध्या गाडीवर त्याहून जास्त असायचा. सप्टेंबर २०२५ पासून दोन्हींवर सरसकट चाळीस.

गाडी उत्तम आहे. हे मला स्पष्ट लिहायचं आहे, कारण आपण घेऊ शकत नाही त्या वस्तूला नावं ठेवायची आपली सवय. अमरावतीत, नागपुरात, पुण्यात रोज गर्दीतून तासभर जाणाऱ्या माणसाने डोळे झाकून हायब्रिडच घ्यावी, साधी पेट्रोल घेऊ नये. मला स्वतःला ती इतकी आवडली की दोन दिवस मी वहीतले आकडे भावाला दाखवलेच नाहीत. वाटलं, घेऊ दे. मागच्या सीटवर मीही बसेन कधी.

तिसऱ्या दिवशी वही दाखवली. भाऊ बराच वेळ पानाकडे पाहत राहिला. मग म्हणाला, "दादा, हिशोब बरोबर हाय. पण जिंदगीत एक डाव तरी..." पुढे बोलला नाही. माझ्याकडेही उत्तर नव्हतं. अशा वेळी फिजिक्स कामाचं नाही.

माय आत तांदूळ निवडत होती. तिथूनच म्हणाली, "गाडी बेस होती. मले आवडली. पण माह्या नावचे पैसे हाय ना? मंग त्यातले आठ लाख पोरीले द्या."

भावाने माझ्याकडे पाहिलं, मी वहीकडे.

सोमवारी तिघंही बँकेत गेलो. बोलेरोची बॅटरी बसली होती, शेजारच्या पोरांनी ढकलून चालू करून दिली. म्हणून भाऊ बाहेर इंजिन सुरू ठेवूनच बसला. आत मायने थरथरत्या हाताने तीन ठिकाणी सह्या केल्या. काउंटरवरची मुलगी म्हणाली, मुलीचा खाते क्रमांक लागेल. तो आमच्यापैकी कुणाकडेच नव्हता. मी बाहेर येऊन मूर्तिजापूरला फोन लावला. सकाळी अकराची वेळ, एरवी या वेळी मी तिला कधी फोन करत नाही.

उचलताच तिने विचारलं, "दादा, मायले काही झालं का?"