सेल्फ फिरतो, पण गाडी सुरू होत नाही?



आपल्या सावली भागात गाडी म्हणजे चैन नव्हे. रात्री घरात कुणाची तब्येत बिघडली तर वैनगंगेचा पूल ओलांडून गडचिरोली गाठावी लागते. जंगलाच्या रस्त्यात बंद पडलेली गाडी वाघाच्या भीतीत खाली उतरून ढकलणार कोण?

सेल्फ जोरात फिरतो, पण इंजिन पकडत नाही, तर बॅटरीला दोष देऊ नका. (बहुतेक जण आधी तीच बदलतात!) पेट्रोल गाडीची चावी 'ऑन' करून कान द्या. अनेक गाड्यांत मागच्या सीटखालून दोन-तीन सेकंद बारीक गुणगुण येते. तो टाकीतला पंप. आवाजच नसेल तर फ्यूज, रिले, मग पंप तपासून घ्या. आवाज येत असेल तर चावी तीन-चार वेळा ऑन-ऑफ करा, मग सेल्फ मारा. आता लगेच सुरू झाली? म्हणजे उभ्या गाडीत पाइपमधला दाब उतरतोय. पंपाची झडप किंवा गळका इंजेक्टर बघायला सांगा. पेट्रोलचा वास येत असेल तर मात्र यातलं काहीच करू नका.

पावसाळ्यात पाण्याचाही संशय घ्या. इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल पाणी शोषतं. ते जास्त झालं की इथेनॉलसह तळाशी बसतं, आणि पंप तळातूनच ओढतो.

वर्गातल्या मुलांना हा आवाज ऐकवा आणि विचारा, पंप चालतोय, तरी गाडी का सुरू होत नाही? एखादा म्हणेलच, "सर, पेट्रोलच नसेल!" हसू नका, तेही तपासा. काटा अडकलेला असू शकतो.